सहा पॉईंट आठचा कर्नल

आमचे जावई सुदेशराव घरात आले की आधी चपला काढतात, मग माझ्या वस्तूंना हात लावतात, आणि विचारतात सगळ्यात शेवटी. विचारतात म्हणजे काय, सांगतात. "आई, तुमच्या मोबाईलमधली अक्षरं मी जरा मोठी केली." आता त्या मोबाईलवर एका वेळी एकच शब्द मावतो. आलेला निरोप वाचायला मला अर्धा दिवस लागतो. मे महिन्यात त्यांनी शेगडीची सर्व्हिसिंग केली. तेव्हापासून डावा बर्नर मोठा केला की उजवा विझतो. आणि हे सगळं करताना चेहरा असा, की मी कोकणातून कालच उतरलेय आणि त्यांनी मला हात धरून रस्ता ओलांडून दिलाय.

पण जावयाला बोलायचं नसतं. ही आमच्या घरातली शिस्त आहे आणि ती मीच घातलेली आहे. आपणच घातलेली शिस्त आपणच कशी मोडायची? म्हणून मी मुलीला बोलते. प्रियांकाला. फक्त आवाज असा ठेवते की शेजारच्या खोलीतल्या सुदेशरावांना नीट ऐकू जाईल.

शेगडीपर्यंत मी सोसलं. पण त्या बुधवारी त्यांनी सर्व्हरला हात घातला.

सर्व्हर म्हणजे एक काळा डबा. आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीच्या कपाटात असतो. दिवसरात्र घूं घूं करतो, हिरवा दिवा लावून बसतो, आणि त्याच्यावर मी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल असतो. या डब्यात आमच्या वधू-वर सूचक मंडळाची एक हजार एकशे त्रेचाळीस स्थळं राहतात. फोटो, शिक्षण, उंची, नोकरी, अपेक्षा, सगळं. पोरं-पोरी आपापल्या मोबाईलवर बघतात ते या डब्यातूनच जातं. मंडळ मी सव्वीस वर्षं चालवतेय. आधी वह्या होत्या. चार वर्षांपूर्वी प्रियांकानं आणि सुदेशरावांनी वह्या डब्यात चढवल्या, आणि त्यानंतर आलेली स्थळं वहीत लिहायची मी बंद केली. माझी शाळा चौथीपर्यंत. पण मुलगा दारातून आत येताना आईला पुढे सोडतो की तिच्या आधी घुसतो, एवढ्यावरून मी लग्न टिकणार की नाही ते सांगते. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. त्यामुळे पुढेमागे काही बिनसलं तर ग्रहांवर ढकलायची सोय नाही. लोक थेट आंबिवलीला माझ्या दारात येतात.

त्या रविवारी माजिवड्याला मंडळाचा मेळावा होता. अध्यक्ष महेंद्र यांनी मला आधीच बजावलेलं. महेंद्र म्हणजे पूर्वीचे शाळामास्तर, त्यामुळे बजावतात तेही फळ्यावर लिहिल्यासारखं. "कांताताई, या वर्षी सगळी स्थळं मोठ्या पडद्यावर दिसली पाहिजेत. दहा वाजता म्हणजे दहा वाजता. ठाण्याचे एक ॲपवाले मागे लागलेत. या खेपेला गोंधळ झाला, तर कमिटी मंडळ त्यांच्या हातात देईल. मग मला बोल लावू नका."

सव्वीस वर्षांचं माझं मंडळ, आणि ते कुणा ॲपवाल्याच्या हातात! मी त्यांना चहा दिला, पण साखर कमी घातली.

तर बुधवार. सुदेशरावांची सुट्टी होती. प्रियांका कामावर गेलेली. हे कोलशेतहून एकटेच आले, मटण शिजेपर्यंत वेळ होता म्हणून डब्यासमोर मांडी घालून बसले. माझा रुमाल काढून बाजूला ठेवला. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. सुदेशरावांनी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"आई, कर्नल फार जुना झालाय. बदलतो."

माझ्या घरात कर्नल राहतो हे मला त्या दिवशी कळलं. पण जावयासमोर आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही असं दाखवायचं नाही, हीसुद्धा माझीच शिस्त. मी म्हटलं, "बघू."

या 'बघू'बद्दल थोडं सांगायला पाहिजे. आमच्या लग्नं जुळवण्याच्या कामात 'हो' कुणी म्हणत नाही, 'नाही' तर त्याहून नाही. मुलाकडचे 'बघू' म्हणतात, मुलीकडचे 'बघू' म्हणतात, आणि ऐकणारा त्यातून आपल्याला हवं ते उचलून घरी जातो. सुदेशरावांनी माझ्या 'बघू'तून 'करा' उचललं.

मग ते गॅलरीत जाऊन त्यांच्या मित्राशी फोनवर बोलले. यांना फोनवर हळू बोलता येत नाही. "हो रे, जुना पाच पॉईंट पंधरा आहे. आता सहा पॉईंट आठ आणतोय. आजच. आईंच्या घरीच. अरे, एकदा का नवा कर्नल आला ना, पुढची दोन-तीन वर्षं चिंता नाही."

शेजारच्या गॅलरीत शांताबाई कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातली चादर हातातच राहिली. मग ती चादर बादलीत टाकून आत गेली. शांताबाईनं धुतलेले कपडे बादलीत तसेच टाकून आत जाणं म्हणजे बातमी किती मोठी असेल, याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा डब्याचा हिरवा दिवा गेलेला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची रांग उभी होती आणि ती हलत नव्हती. सुदेशरावांच्या कपाळावर घाम.

"काय लिहिलंय?"

"काही नाही, आई."

"एवढी अक्षरं आहेत आणि काही नाही कसं?"

"कर्नल पॅनिक, असं लिहिलंय."

पॅनिक मला कळतं. दवाखान्यात डॉक्टर आधी तेच करू नका म्हणतात. "म्हणजे घाबरला?"

"तसंच म्हणा."

"आल्या आल्या?"

सुदेशरावांनी डबा बंद केला, चालू केला. पुन्हा तेच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. कर्नल तिन्ही वेळा घाबरला. मग ते उठले, म्हणाले, "ऑफिसात एकाला विचारतो, शनिवारी येतो," आणि निघाले. मटणाला हात न लावता. सात वर्षांत हे पहिल्यांदा झालं. जावई मटण न जेवता गेला म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय ते मला पडद्यापेक्षा पातेल्याकडे बघून जास्त कळलं.

संध्याकाळी मी प्रियांकाला फोन लावला. "तुझा नवरा माझ्या घरात कुठला कर्नल आणून बसवून गेलाय?"

प्रियांका हसली. मग तिला माझा आवाज कळला, मग ती हसायची थांबली. "आई, अगं तो माणूस नाही. कॉम्प्युटरचं आतलं मूळ असतं. दिसत नाही कुणाला, पण कुणी कधी काय करायचं, कुणाला किती द्यायचं, हे सगळं तेच सांगतं. ते थांबलं की घर ठप्प."

"म्हणजे मी."

"हो गं. तूच."

तेव्हापासून मला त्या कर्नलबद्दल थोडी माया वाटायला लागली. मलाही कुणी न विचारता बदलायला निघालं असतं तर मीही अशीच अडून बसले असते.

आता तुम्ही म्हणाल, हे मी शेजारीपाजारी सरळ सांगून का टाकलं नाही? सांगते. गुरुवारी सकाळी शांताबाई वाटीभर सुकटीची चटणी घेऊन आली. शांताबाईच्या हातून चटणी म्हणजे मागे काहीतरी काम असतंच.

"कांताबाई, मी काही मुद्दाम ऐकत नव्हते हं. कानावर पडलं."

"काय पडलं?"

"कर्नल." तिनं आजूबाजूला बघितलं. "सहा पॉईंट आठ."

मी चटणीची वाटी ठेवायला वळले.

"सहा फूट आठ इंच! बाई गं! माझी रुपाली चार अकरा. हार घालायला स्टूल लागेल. पण मी म्हणते, उंचीचं काय एवढं? मनं जुळली पाहिजेत. आणि तो जुना पाच पॉईंट पंधरावाला?"

पाच फूट पंधरा इंच म्हणजे सहा फूट तीन. आकडेमोड मला चौथीपर्यंतची पक्की येते. "तो आता नाही," मी म्हटलं.

"जमलं का त्याचं?"

"रिटायर झाला."

आता हिला खरं सांगायचं म्हणजे डबा बंद पडलाय असं सांगायचं. शांताबाईला कळलं की पाव तासात महेंद्र मास्तरांना कळणार, आणि अर्ध्या तासात ॲपवाला माझ्या खुर्चीत. तेव्हा मी तोंडाला कुलूप लावलं. मोबाईलवर स्थळं का दिसत नाहीत असं ज्यांनी विचारलं, त्यांना मेळाव्याची तयारी चालू आहे म्हणून सांगितलं. शांताबाईनं माझा हात धरला. "मग रुपालीचं नाव पहिलं घालशील ना?"

"बघू," मी म्हटलं.

दुपारपर्यंत माझा फोन गरम झाला. टिटवाळ्याहून, डोंबिवलीहून, कळव्याहून, जिथं जिथं लग्नाच्या मुली आहेत तिथून तिथून. "कांताताई, कर्नलसाहेबांना पोस्टिंग कुठं?" "हुंडा वगैरे नाही ना मागत?" "मुलगी जरा सावळी आहे, चालेल?" एका बाईनं विचारलं, "आधीचं काही लफडं वगैरे?" मी म्हटलं, "आल्या आल्या घाबरला, एवढंच माहीत आहे." ती म्हणाली, "म्हणजे साधा आहे. आमच्या मुलीला साधाच पाहिजे."

प्रत्येकीला मी 'बघू' म्हणत होते आणि जी ती आपापलं उचलून नेत होती.

संध्याकाळी सुभेदार आले. सहदेव सुभेदार म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे, साताऱ्याकडचे, पलटणीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली पण जिना अजून परेडवर चालतात तसा चढतात. दाराशी टाचा जुळवून उभे राहिले.

"वहिनी, कर्नलसाहेब कुठल्या पलटणीचे?"

सुभेदार सज्जन माणूस, त्यांच्याशी खोटं बोलवेना. मी अर्धंच खरं बोलले. "पलटण माहीत नाही, भाऊ. पण जरा घाबरलेत असं कळलंय."

सुभेदारांच्या मिशा उभ्या राहिल्या. "वहिनी! कर्नल घाबरत नसतो. कधीच नाही. कर्नल अडलेला असतो."

"अडलेला म्हणजे?"

सुभेदार बसले. पाणी प्यायले. आणि सुरू झाले. सुभेदार सुरू झाले की मी भाजी निवडायला घेते, कारण मेथीची एक जुडी तरी होतेच. "आमच्या वेळेला काय झालेलं माहितीये? नवे साहेब आले. ऑर्डर आली, सामान आलं, सगळं आलं. पण बंगला रिकामा कुठं होता? आधीचे साहेब बदली होऊनही गेलेच नव्हते, त्यांच्या आधीच्यांचं सामान मागच्या खोलीत, त्यांच्याही आधीच्यांचा कुत्रा व्हरांड्यात. नवे साहेब ट्रंकेवर बसून राहिले. अर्धं सामान आत, अर्धं बाहेर. एक ऑर्डर सुटेना त्यांच्याच्यानं. लोक म्हणाले साहेब घाबरले. घाबरले नव्हते वहिनी. त्यांना जागाच नव्हती."

मेथी निवडता निवडता माझा हात थांबला. पण तेव्हा का थांबला ते मला कळलं नाही. सुभेदारांना वाटलं, गोष्ट आवडली. त्यांनी परत पहिल्यापासून सांगितली.

शुक्रवारी महेंद्र मास्तरांबरोबर मी माजिवड्याला हॉलचा अर्ज द्यायला गेले. मास्तर भलतेच खुशीत. "कांताताई, तुम्ही छुप्या रुस्तम निघालात. एवढे मोठे पाहुणे आणताय आणि अध्यक्षाला सांगत नाही? मला शांताबाईंकडून कळावं?" त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात मेळाव्याचा बॅनर होता, छापूनसुद्धा झालेला. मधोमध मोठ्या अक्षरांत: प्रमुख उपस्थिती, मा. कर्नल साहेब. माझ्या मोबाईलपेक्षाही मोठी अक्षरं.

मला घाम फुटला, पण मी पदरानं टिपला आणि ऊन आहे म्हटलं.

हॉलच्या कारकुनानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "पाहुणे लष्करी अधिकारी. मग हा वेगळा फॉर्म." त्यानं खालच्या कप्प्यातून एक पिवळा कागद काढला. "पूर्ण नाव?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नुसतं कर्नल म्हणतात."

"आडनाव?"

"त्यांच्यात लावत नाहीत."

"येण्याची वेळ?"

"दहाच्या आत आलेच पाहिजेत," मी म्हटलं, आणि हे वाक्य मात्र अगदी मनापासून.

"वाहन? नंबर लिहावा लागतो. लष्कराची गाडी असेल तर गेटवर वेगळी सोय."

मी विचार केला. सर्व्हर मेळाव्याला न्यायचा म्हणजे आंबिवलीहून आणायचा, आणि मी तो दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. "रिक्षानं येतील," मी म्हटलं. माझ्या मांडीवर, हे म्हटलं नाही.

कारकुनानं पेन खाली ठेवलं. इतका वेळ दगडासारखा बसलेला माणूस, त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "कर्नल असून रिक्षानं? साधी माणसं राहिली नाहीत हो आता." आणि त्यानं स्वतःहून फॉर्मवर 'पत्राची आवश्यकता नाही' असा शेरा मारला. नाहीतर लष्कराच्या ऑफिसचं पत्र आणायला मी कुठं गेले असते?

शनिवारी सकाळी नऊला सुदेशराव आले, प्रियांका बरोबर. हातात एक पेनड्राईव्ह. चपला काढल्या आणि थेट कपाटाकडे.

"आई, एक उपाय आहे. फॉरमॅट."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सगळं नव्यानं टाकायचं. तासाभरात डबा चालू."

"आणि आतली स्थळं?"

सुदेशरावांनी प्रियांकाकडे बघितलं, प्रियांकानं पंख्याकडे. "ती जातील. पण बॅकअप असतो ना, आई."

"कुठं असतो?"

"याच्यातच."

मी खुर्ची ओढली आणि कपाटासमोर बसले. डब्याला पाठ लावून. "सुदेशराव, एक हजार एकशे त्रेचाळीस पोरं आहेत आत. आधी मला उत्तरं द्या. मग त्या पेनड्राईव्हचं टोपण काढा."

"आई, तुम्हाला ते टेक्निकल..."

"जुना कर्नल कुठं गेला?"

"अं?"

"नवा आणलात. जुन्याचं काय केलंत? घालवलात?"

"नाही. जुना राहतो आत. नवा आला तरी जुने असतातच पडून."

"जुने? किती जुने?"

सुदेशराव मोजायला लागले. "आपोआप येत राहतात ते. दर सात-आठ महिन्यांनी एक. असतील सहा-सात."

"आणि यांना राहायला आत खोली आहे की अख्खं घर?"

"एक छोटी वेगळी जागा असते. मीच ठेवली होती चार वर्षांपूर्वी, तेव्हा पुष्कळ वाटली..." बोलता बोलता सुदेशराव थांबले. मी जुळवलेल्या लग्नांत असं थांबणं मी पुष्कळ वेळा बघितलंय. माणूस आपलंच बोलणं पहिल्यांदा ऐकतो तेव्हा असा थांबतो.

"छोट्या खोलीत सात जुने पसरलेत," मी म्हटलं, "आणि तुम्ही सहा पॉईंट आठचा आठवा आत ढकललात. त्याचं अर्धं सामान आत, अर्धं बाहेर. तो घाबरलेला नाही, सुदेशराव. तो अडलाय."

प्रियांका म्हणाली, "आई, तुला हे कुणी सांगितलं?"

"सुभेदारांनी. मेथी निवडताना."

सुदेशराव खाली बसले. "जागा भरली असणार. अर्धवट उतरलाय तो. शिट." मग जीभ चावली. "सॉरी, आई. सुरू करताना यादी काढता येते. जुन्यातला एक निवडला की झालं." त्यांनी डबा चालू केला, एक बटण दाबून धरलं, आणि खरंच पडद्यावर यादी आली. सगळ्यात वर नवा, त्याच्याखाली सातजण ओळीनं. सुदेशरावांचं बोट लगेच दुसऱ्यावर गेलं.

"थांबा. हा कधी कामाला लावून बघितला होता?"

"नाही. डबा मध्ये कधी बंदच केला नव्हता ना. हे नुसते येऊन पडलेत."

"मग मंगळवारपर्यंत घर कोण चालवत होतं?"

सुदेशरावांनी यादीच्या तळाशी बोट नेलं. "हा. सगळ्यात जुना."

"मग त्याला उठवा. नुसते येऊन बसलेल्यांना माझं मंडळ द्यायचं नाही."

बटण मी दाबलं. का? कारण माझं घर, माझा डबा. अक्षरं भराभर वर धावायला लागली. प्रियांकानं माझा खांदा धरला. आणि डबा घूं घूं करायला लागला, हिरवा दिवा आला, आणि मंडळाचं पान उघडलं. वर कोपऱ्यात आकडा: ११४३. एकही कमी नाही. मी मोजले नाहीत, पण चेहरे ओळखले.

सुदेशराव उठायला लागले. "चला, झालं."

"बसा," मी म्हटलं. "झालं कुठं? आधी त्या पेनड्राईव्हमध्ये सगळ्याची नक्कल घ्या, ती माझ्याकडे द्या. मग ते नुसते पडलेले सहाजण बाहेर काढा. चालणारा राहू द्या. मग खोली झाडून नव्याला नीट आणा, माझ्या डोळ्यांदेखत. आणि नवा नीट नांदतोय असं कळेपर्यंत जुन्याला कुणी हात लावायचा नाही."

त्यांनी एकही प्रश्न न विचारता केलं. साडेअकराला नवा कर्नल बसला, डबा पुन्हा सुरू केला, आणि या वेळी तो घाबरला नाही की अडला नाही. सरळ कामाला लागला. पेनड्राईव्ह मी तांदळाच्या डब्यात ठेवला. मटण बुधवारचं संपलेलं, पण अंडी होती. सुदेशराव सहा चपात्या जेवले.

रविवारी मी डबा रुमालात गुंडाळून रिक्षात मांडीवर घेतला आणि थेट माजिवडा गाठलं. हॉलच्या गेटवर तो कारकून उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या मागे वाकून बघितलं. "कर्नलसाहेब?"

"आलेत," मी म्हटलं, आणि आत गेले.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. तीनशे खुर्च्या भरलेल्या, भिंतीला माणसं टेकलेली. सव्वीस वर्षांत एवढी गर्दी कधी झाली नाही. मुली नवी साडी नेसून, आया त्यांच्याहून नव्या. सुभेदार पहिल्या रांगेत, छातीवर सगळी पदकं. रुपाली उंच टाचांच्या चपला घालून उभी होती आणि शांताबाई तिला दंडाला धरून तोलत होती.

पावणेदहाला बुद्धवंदना झाली. दहाला पाच कमी असताना सुदेशरावांनी तारा जोडल्या. दहाला पडद्यावर पहिलं स्थळ उमटलं, मोठं, स्वच्छ, फोटोसकट.

महेंद्र मास्तर माईकवर गेले. "जय भीम! आणि आता, ज्यांची आपण सगळे आतुरतेनं वाट बघतोय, ते मा. कर्नलसाहेब..." ते माझ्याकडे वळले. तीनशे डोकी वळली.

मी पदर खोचला आणि मंचावर गेले. माईक हातात घेतला. आता डबा चालू होता, आता मला कुणाच्या बापाची भीती नव्हती.

"कर्नल आलेत," मी म्हटलं. "या डब्यात आहेत." मी रुमाल काढला. "सहा पॉईंट आठ ही यांची उंची नाही, यांचा नंबर आहे. हा कॉम्प्युटरचा आतला कारभारी. त्यालाच कर्नल म्हणतात, त्यात माझी चूक नाही. बुधवारी नवा बसवताना अडला. मी तो काल सरळ केला. मला फोन केलेल्या सगळ्या आयांना सांगते, मी कुणालाही हो म्हटलेलं नाही. आणि यांना स्वतःचं लग्न करायचं नाहीये. हे तुमच्या मुलांची जुळवायला आलेत. अकराशे त्रेचाळीस स्थळं घेऊन. आता उठून जायचं असेल तर जा. पण एवढी नटूनथटून आलायत, तर बघूनच जा."

मग सुभेदार उभे राहिले. टाचा जुळवल्या आणि डब्याला कडक सॅल्यूट ठोकला. "हुद्दा तो हुद्दा," ते म्हणाले.

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग अख्खा हॉल. टाळ्या थांबेनात. एकही आई उठून गेली नाही.

शांताबाई मात्र मंचाच्या पायरीशी आली. "चार दिवस फसवलंस मला!"

"मी 'बघू' म्हटलं होतं."

"मला वाटलं..."

"ते तुझं तुला वाटलं. रुपाली कुठाय?"

शांताबाईनं मागे वळून बघितलं. रुपाली उंच टाचांच्या चपला हातात घेऊन पडद्याजवळ अनवाणी उभी होती, आणि कळव्याच्या एका पाच-चार उंचीच्या मुलाशी बोलत होती. मुलाच्या आईला त्यानं स्वतःची खुर्ची दिलेली मी आधीच बघून ठेवलं होतं. शांताबाई तिकडेच निघाली.

दुपारपर्यंत एकवीस जोड्यांनी एकमेकांचे नंबर घेतले. जेवणाआधी महेंद्र मास्तरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की मंडळ आंबिवलीलाच राहणार, कांताताईंकडेच, आणि ॲपवाल्यांना तसं कळवण्यात येईल. कमिटीनं हात वर केले. मग मास्तर म्हणाले, "आणि ज्यांनी हा कर्नल वाचवला, ते आपले इंजिनियर, कांताताईंचे जावई सुदेशराव, यांचं गुलाबपुष्प देऊन स्वागत करतो."

मी बघत राहिले. आता हे फूल घेणार, कॉलर नीट करणार, आणि सात वर्षं मी जे बघत आले तेच पुन्हा दिसणार.

सुदेशरावांनी फूल घेतलं. माईक मागितला. "मी सगळं पुसून टाकणार होतो," ते म्हणाले. "आई डब्याला पाठ लावून बसल्या म्हणून वाचलं. काय बिघडलंय ते त्यांनी शोधलं. शेवटचं बटणही त्यांनीच दाबलं." आणि सगळ्यांसमोर येऊन फूल माझ्या हातात दिलं.

प्रियांकाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही.

मग माणसं जेवायला बसली. सुदेशराव माझ्या शेजारी ताट घेऊन आले, अवघडून, काय बोलावं न कळून. मी त्यांच्या ताटात आणखी एक जिलेबी वाढली आणि आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच मुलीला मध्ये न घेता, सरळ त्यांनाच म्हटलं:

"सुदेशराव, तुमचं स्थळ आज माझ्याकडे आलं असतं ना, तर मी परत पाठवलं नसतं. वहीत घेतलं असतं. पण पेन्सिलीनं."